मांजराला घर केव्हा कळते?

‘कुत्रे माणसाला धरून राहते आणि मांजर घराला,’ असे आपल्याकडे म्हणतात. बिऱ्हाड हलले की कुत्रे मालकामागे नव्या घरी येते. मांजर मात्र जुन्या घराच्या ओसरीवरच सापडते. चोरून दूध पिणाऱ्या बोक्याला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून यावे आणि दोन दिवसांनी स्वारी पुन्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत हजर असावी, ही हकीकतही विदर्भात पुष्कळ घरांतून ऐकायला मिळते. असे बोलणे अनुभवातून आलेले असते, म्हणून ते सरसकट खोटे नसते. पण ते अपुरे असू शकते, आणि ते तपासून पाहता येते.

२०१९ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्य विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक तपास केला. मांजराच्या पिलाला त्याच्या सांभाळकर्त्यासह एका अनोळखी खोलीत दोन मिनिटे ठेवले. नंतर सांभाळकर्ता दोन मिनिटे बाहेर गेला आणि पुन्हा दोन मिनिटांसाठी आत आला. लहान मुलांचा आईवर किती विश्वास आहे हे पाहण्यासाठी मानसशास्त्रज्ञ अशीच पद्धत वापरतात. सांभाळकर्ता परत आल्यावर जवळजवळ ६४ टक्के पिले त्याला भेटून शांत झाली आणि मग निर्धास्तपणे खोली हुंगू लागली. म्हणजे मांजर माणसालाही धरून असते. ओळखीचा माणूस जवळ असला, तर अनोळखी जागेची भीती त्याला कमी वाटते.

आता तुमच्या घरी नुकत्याच आणलेल्या मांजराचा विचार करा. त्याची जुनी जागा सुटली आणि ओळखीची माणसेही सुटली, दोन्ही एकाच दिवशी, बहुधा अर्ध्या तासात. पिशवीतून बाहेर निघताच ते दिवाणाखाली घुसते. घरातली मुले वाटी घेऊन मागे जातात, कोणी केरसुणीच्या दांड्याने त्याला बाहेर काढू पाहते, शेजारीपाजारी बघायला येतात. रात्री ते खिडकीतून निसटते आणि पुन्हा दिसत नाही. ‘माणसाळलेच नाही’ असे म्हणून प्रकरण मिटते. खरे पाहता त्या मांजराला माणसाळायला वेळच मिळालेला नसतो. तो किती लागतो आणि त्या वेळात मांजराच्या डोक्यात काय चालते, हे समजून घेतले तर पुष्कळ मांजरे वाचतील.

नाकाने काढलेला नकाशा

आपण नव्या घरात शिरलो की डोळे फिरवतो. दार इकडे, खिडकी तिकडे, मोरी मागे. मांजरही डोळे फिरवते, परंतु त्याचा खरा भरवसा नाकावर असतो. नाकाखेरीज त्याच्या टाळूच्या वर आणखी एक घ्राणेंद्रिय असते. लुडविग याकोबसन या डॅनिश शास्त्रज्ञाने १८१३ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला याकोबसनचे इंद्रिय म्हणतात. एखादी वस्तू हुंगून झाल्यावर मांजर वरचा ओठ किंचित उचलून, तोंड अर्धवट उघडे ठेवून क्षणभर थबकलेले तुम्ही पाहिले असेल. ते वेडावत नसते. वासाचे रेणू ते या दुसऱ्या इंद्रियाकडे पोचवत असते.

मांजर वास नुसता घेतच नाही, तर सोडतेही. त्याच्या गालांवर, हनुवटीवर, शेपटीच्या बुडाशी आणि पंजांच्या गादीत गंधग्रंथी असतात. ते आपल्या पायांत घुटमळते, टेबलाच्या पायाला गाल घासते, दाराची चौकट ओरबाडते, तेव्हा प्रत्येक ठिकाणी ते स्वतःच्या वासाची एक खूण ठेवत असते. आपल्या नाकाला यातले काहीच कळत नाही. पण मांजराच्या दृष्टीने ‘घर’ म्हणजे जिथे त्याच्या स्वतःच्या वासाच्या खुणा जागोजाग आहेत अशी जागा. नव्या घरात अशी एकही खूण नसते. तिथे असतात ते परक्यांचे वास: फोडणीचा, उदबत्तीचा, चामड्याच्या चपलांचा, कदाचित शेजारच्या बोक्याचासुद्धा.

म्हणून पहिली गोष्ट अशी की मांजर आणताना त्याच्या जुन्या जागेवरचे एखादे फडके, गोणपाटाचा तुकडा किंवा जुना टॉवेल सोबत आणावा आणि तो धुऊ नये. आपल्याला तो कळकट दिसतो, पण त्या परक्या घरात मांजराच्या ओळखीची तेवढी एकच वस्तू असते. कापसाच्या धाग्यांत वासाचे रेणू अडकून राहतात आणि हळूहळू सुटतात, त्यामुळे हा वास बरेच दिवस टिकतो.

दुसरी गोष्ट आपल्या घरांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडे फरशी रोज पुसण्याची चांगली चाल आहे आणि पुष्कळ घरांत पाण्यात फिनाईल टाकतात. मांजराने रात्रभर फिरून, पंजे टेकवून, गाल घासून जो नकाशा काढलेला असतो, तो सकाळी नऊ वाजता एका फडक्याने साफ पुसला जातो आणि त्यावर एक उग्र वास पसरतो. पाटीवर अर्धे लिहिलेले गणित कोणी तरी रोज पुसून टाकावे तसे हे आहे. मांजराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बरे, हा प्रश्न केवळ वासाचा नाही. काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉल गटातली द्रव्ये असतात. ओल्या फरशीवरून मांजर चालते, ती द्रव्ये पंजाला लागतात आणि पंजा ते चाटते. आपल्या पोटात अशी द्रव्ये थोड्या प्रमाणात गेली, तर यकृत त्यांना ग्लुकुरॉनिक आम्लाचा रेणू जोडते. जोडलेला पदार्थ पाण्यात विरघळतो आणि लघवीवाटे निघून जातो. मांजराच्या यकृतात हे काम जवळजवळ होतच नाही. त्यासाठी लागणाऱ्या एका विकराचा जनुक मांजरात बिघडलेल्या स्थितीत असतो, असे २००० साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. मांजराचे पूर्वज केवळ मांस खाऊन राहिले. वनस्पतींतल्या अशा द्रव्यांचा त्यांना फारसा सामना करावा लागला नाही, म्हणून हे हत्यार त्यांनी गमावले असावे. ताप उतरवण्यासाठी आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही याच कारणाने मांजराचा जीव घेऊ शकते. कपड्यांत ठेवायच्या डांबराच्या गोळ्याही त्याच्यापासून दूर ठेवाव्या. मांजराच्या खोलीची फरशी साध्या पाण्याने किंवा थोड्या साबणाने पुसून पुन्हा साध्या पाण्याने पुसली की पुरे. तीही पहिले आठ दिवस रोज पुसण्याची गरज नाही.

जुडग्याचा गोंगाट

कानाची गोष्ट थोडक्यात सांगतो. तुमच्या पुस्तकात माणसाची श्रवणमर्यादा २० ते २०,००० हर्ट्झ अशी दिलेली असते. हेफनर दांपत्याने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापानुसार मांजराची मर्यादा ४८ हर्ट्झपासून ८५,००० हर्ट्झपर्यंत जाते. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरा आणि ५०,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी काढून पाहा. ती ६.८ मिलिमीटर येते. उंदीर याहून फार कमी नसलेल्या कंप्रतेला चिवचिवतात. एवढ्या आखूड लहरींच्या साह्याने, कान वळवून वळवून, मांजर अंधारात उंदराची जागा अचूक हेरते.

शिकारीला हे उपयोगी खरे, पण घरात त्याचा उपद्रवही होतो. किल्ल्यांचा जुडगा वाजला की आपल्याला किणकिण ऐकू येते. वटवाघळांचे आवाज टिपण्याचे यंत्र जवळ धरले तर त्याच जुडग्यातून श्रवणातीत ध्वनीचा कल्लोळ उठताना दिसतो. जोरात सोडलेला नळ, घासली जाणारी स्टीलची भांडी, चुरगळला जाणारा प्लॅस्टिकचा कागद यांतूनही असा ध्वनी निघतो. मांजराची खोली मोरीला लागून नसावी ती यासाठी. आणि मांजर आणण्याचा दिवसही पाहावा. दिवाळीचे फटाके, किंवा महाल-इतवारी भागात राहत असाल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीची मिरवणूक, यांच्या तोंडावर नवे मांजर घरात आणणे शहाणपणाचे नाही. पंधरा दिवस थांबावे.

डोळ्यांचे म्हणाल तर मांजराला अंधुक प्रकाशात आपल्यापेक्षा कितीतरी अधिक दिसते, पण अगदी जवळचे स्पष्ट दिसत नाही. सुमारे एक वीत अंतराच्या आतले काम ते मिशांवर सोपवते. म्हणून ‘घाबरू नको’ असे म्हणत त्याच्या तोंडाशी नेलेला आपला हात त्याला हातासारखा दिसत नाही. काहीतरी मोठे पुसट अंगावर आले असे त्याला वाटते. हात जमिनीलगत, थोडा दूर धरावा आणि हुंगायला त्यालाच पुढे येऊ द्यावे.

खोक्याचा प्रयोग

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात एक मांजर १९३५ पासून खोक्यात बसून आहे. श्रोडिंजरने ते तिथे केवळ कल्पनेने बसवले, त्यामुळे त्याला विशेष त्रास झाला नाही. आता ज्या खोक्याविषयी सांगणार आहे ते मात्र खरे होते, आणि त्यातली मांजरेही खरी होती.

नेदरलँडमधील उट्रेख्त विद्यापीठाच्या क्लाउडिया व्हिंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असा प्रश्न पडला: निराधार मांजरांच्या आश्रमात नव्याने आलेल्या मांजराला लपायला खोके दिले, तर त्याची भीती लवकर जाते का? उलटही शक्य होते. खोके मिळाले म्हणून मांजर त्यातच दडून बसेल आणि माणसांची सवय व्हायला उशीर लागेल, असे कोणी म्हणू शकले असते. आपल्याकडे दिवाणाखालून मांजर ओढून काढणारे लोक मनात हाच विचार करतात. त्यांनी १९ नवी मांजरे घेतली. यदृच्छेने दोन गट पाडले. १० मांजरांच्या पिंजऱ्यात खोके ठेवले, ९ मांजरांच्या पिंजऱ्यात ठेवले नाही. बाकी सर्व गोष्टी सारख्या. मग दोन आठवडे निरीक्षण केले.

इथे खरी अडचण येते. भीती मोजायची कशाने? तिला ना फुटपट्टी, ना तापमापी. झुरिचच्या केसलर आणि टर्नर यांनी १९९७ मध्ये यासाठी सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली होती. तीत मांजराचे अंग, पोट, पाय, शेपटी, कान, बुबुळाची बाहुली, मिशा, श्वास, आवाज अशा एकेका गोष्टीकडे पाहून गुण द्यायचे असतात. कुशीवर पसरलेले, पोट मोकळे, डोळे अर्धवट मिटलेले मांजर पहिल्या पायरीवर असते. चारही पाय अंगाखाली आखडून बसलेले, शेपटी गुंडाळलेली, डोळे टक्क उघडे असे मांजर मधल्या पायऱ्यांवर येते. आणि जमिनीला चिकटून थरथरणारे, कान मागे पाडलेले, बाहुल्या पूर्ण विस्फारलेले आणि श्वास जलद चालणारे मांजर सातव्या पायरीवर. तापमापीइतकी ही मोजपट्टी बिनचूक नाही. पण दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे पाहून जवळपास सारखेच गुण दिले, तर तिच्यावर विसंबता येते.

निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच खोकेवाली मांजरे बिनखोक्याच्या मांजरांपेक्षा स्पष्टपणे शांत दिसू लागली. दोन आठवडे संपता संपता दोन्ही गटांतला फरक राहिला नाही. म्हणजे बिनखोक्याची मांजरेही शेवटी शांत झाली, पण त्यांना कितीतरी अधिक दिवस भीतीत काढावे लागले. एकोणीस हा आकडा लहान आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच. म्हणून २०१९ मध्ये याच मंडळींनी दुसऱ्या मांजरांवर हा प्रयोग पुन्हा केला. खोक्याने भीती लवकर उतरते हे त्यातही दिसले. मात्र दुसरी एक गोष्ट अशी दिसली की खोके असो वा नसो, नव्या जागेत आलेल्या बहुतेक मांजरांचे वजन पहिल्या दिवसांत घटले. त्याकडे पुढे येऊ.

तेव्हा दिवाणाखाली हात घालू नका. एक छोटी, शांत खोली निवडा. तिच्या कोपऱ्यात खोके आडवे ठेवा, तोंड भिंतीकडे थोडे वळवून. त्यात ते जुने फडके घाला. आपल्या नागपुरात संत्र्यांची खोकी फुकट मिळतात, पण ती या कामी घेऊ नका. सालीतल्या तेलात लिमोनिन नावाचे द्रव्य असते आणि मांजराला ते सोसत नाही. वह्या-पुस्तकांचे किंवा किराण्याचे खोके उत्तम. खोलीच्या एका टोकाला पाणी आणि अन्न, दुसऱ्या टोकाला पसरट घमेल्यात चार बोटे वाळू किंवा माती. वाळू उकरून त्यात विधी करण्याची मांजराला उपजत बुद्धी असते, शिकवावे लागत नाही. मात्र खाण्याशेजारी घमेले ठेवले तर ते तिथे जाणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. मग दार लोटून घ्या. सगळे घर एकदम दाखवण्यापेक्षा एक खोली पुरती ओळखीची होऊ देणे बरे.

आणि ते खोलीत जाऊन बसण्याचे काम घरातल्या एकाच माणसाने करावे. दिवसातून तीन-चार वेळा, पंधरा-वीस मिनिटे, जमिनीवर बसून आपला अभ्यास करावा. मांजराकडे बघू नये, हाक मारू नये. परीक्षेच्या दिवसांत याहून सोयीचे काम दुसरे नसेल.

भीतीचा आलेख

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी नवे मांजर येणार असेल त्यांनी एक वही घालावी. रोज ठरावीक दोन वेळी, सकाळी सात आणि रात्री आठ समजा, दाराच्या फटीतून दोन मिनिटे पाहून एक ते सात यांपैकी गुण द्यावा. भाऊ किंवा बहीण असेल तर तिने वेगळ्या कागदावर द्यावा आणि नंतर ताडून पाहावा. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर गुण.

न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम तुम्ही शिकला असाल किंवा शिकाल. गरम चहाचा कप आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांत जितका फरक अधिक, तितका कप वेगाने थंड होतो. म्हणून आलेख आधी झपाट्याने उतरतो आणि मग सपाट होत जातो. मांजराच्या भीतीचा आलेखही पुष्कळदा असाच दिसतो: पहिल्या चार-पाच दिवसांत मोठी उतरण, पुढे मंद. हे केवळ साम्य आहे, नियम नव्हे. मांजराला न्यूटन बांधलेला नाही. परंतु साम्याचा एक उपयोग आहे. कप निवत असताना कोणी तो पुन्हा शेगडीवर ठेवला तर आलेख वर उसळतो आणि उतरण नव्याने सुरू होते. तुमच्या आलेखात असे उंचवटे दिसतील. प्रत्येक उंचवट्याशेजारी त्या दिवशी काय घडले ते लिहा: पाहुणे आले, कुकरची शिटी झाली, धाकट्याने शेपटी धरली. दोन आठवड्यांत तुम्हाला तुमच्याच घराविषयी अशी माहिती मिळेल की जी पूर्वी नव्हती. वर्गात तीन-चार जणांनी असे आलेख आणले तर शिक्षकांनी ते फळ्यावर शेजारी शेजारी काढावेत. मांजरे वेगवेगळी, घरे वेगवेगळी. कोणते साम्य खरे आणि कोणते योगायोगाचे, यावर एक तास सहज रंगेल.

मोजपट्टीवर मांजर तीनपर्यंत आले, आपण होऊन खोक्याबाहेर येऊ लागले, आपल्यादेखत खाऊ लागले, की खोलीचे दार घराच्या बाजूने उघडावे. कोणाचे हे तीन दिवसांत होते, कोणाचे तीन आठवड्यांत. यात मांजराच्या बालपणाचा वाटा मोठा. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील आयलीन कार्श यांनी १९८० च्या सुमारास पिलांवर बरेच प्रयोग केले. जन्मानंतर साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिलांना माणसांचे हात रोज लागले, ती पुढे माणसांत सहज मिसळली. हा काळ रस्त्यावर गेलेले मोठे मांजर तुमच्या मांडीवर कदाचित कधीच बसणार नाही. ते पलीकडच्या खुर्चीवर बसेल. मला विचाराल तर तेवढ्यावर समाधान मानावे.

जवळ जाण्याची एक युक्ती मात्र करून पाहण्यासारखी आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की माणसाने मांजराकडे पाहून डोळे सावकाश, अर्धवट मिटले आणि उघडले, तर मांजरही बहुधा तसेच करते; आणि अनोळखी माणसाने असे केल्यावर मांजर त्याच्या हाताकडे अधिक संख्येने येते. टक लावून पाहणे ही मांजरांच्या जगात धमकी असते. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराला आपण उगाचच ढोंगी ठरवले, असे मला हे वाचल्यापासून वाटू लागले आहे.

दूधपोळीचा प्रश्न

वजन घटण्याकडे आता वळू. नव्या जागेत पहिला दिवस मांजराने काही खाल्ले नाही तर घाबरू नये. पण दोन दिवस पूर्ण उपाशी राहिले तर पशुवैद्याकडे न्यावेच. उपवासात अंगातली चरबी यकृताकडे धावते, आणि मांजराच्या यकृताला ती एवढ्या प्रमाणात हाताळता येत नाही; चरबी तिथेच साचून मांजर दगावू शकते. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक. ‘भूक लागली की खाईल’ हा न्याय कुत्र्याला चालेल, मांजराला नाही. पहिले काही दिवस ते जुन्या जागी जे खात होते तेच द्यावे, बदल नंतर.

पण जुन्या जागी ते दूध आणि पोळी खात असेल तर? मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दुधातली शर्करा पचत नाही. भीतीने नाजूक झालेल्या पोटाला तर दूध आणखीच बाधते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे टॉरिन हे द्रव्य. बहुतेक सस्तन प्राणी ते आपल्या शरीरात पुरेसे बनवतात. मांजर पुरेसे बनवू शकत नाही; त्याला ते मांस-माशांतून मिळावे लागते. टॉरिन नसलेल्या आहारावर मांजराचा दृष्टिपटल झिजत जातो हे हेज आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवले, आणि त्याच्या अभावी हृदयही दुबळे होते हे १९८७ मध्ये पिऑन यांनी. मग आजीच्या वाड्यातली मांजरे दूधपोळीवर कशी जगली? ती दूधपोळीवर जगलीच नाहीत. माळ्यावर उंदीर होते, भिंतीवर पाली होत्या, अंगणात चिमण्या होत्या. दूधपोळी हा वरचा खाऊ होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद घरात उंदीर नाही. तिथे तीच दूधपोळी मांजराला हळूहळू आंधळे करू शकते. ज्यांच्या घरात मासे-मांस किंवा मांजरांसाठी तयार मिळणारे अन्न चालत नाही, त्यांनी मांजर आणूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. ससा पाळावा.

कूलर आणि जीभ

नागपूरचा मे महिना लक्षात घेतल्याशिवाय हे लिखाण पुरे व्हायचे नाही. पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रुक्ष प्रदेशातले. त्यामुळे ३० ते ३८ अंश सेल्सिअस तापमानात मांजर आरामात असते. आपण घामाघूम होतो तेव्हा ते उन्हाच्या कवडशात पसरलेले दिसते ते यामुळेच. पण त्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात हवा ४५ अंशांवर जाते. उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, तेव्हा अशा हवेत मांजराच्या अंगातली उष्णता वहनाने बाहेर पडणारच नाही, उलट बाहेरची आत येईल. उरतो एकच मार्ग, बाष्पीभवन. मांजराला घाम पंजांच्या गादीलाच येतो. म्हणून ते अंग चाटते. एक ग्रॅम लाळ केसांवर वाळली की सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. कूलरच्या ताट्यांवर पाणी सोडून आपण जे करतो तेच मांजर जिभेने करते, फक्त पाणी त्याला स्वतःच्या अंगातून द्यावे लागते.

घाबरलेले मांजर पाणी कमी पिते आणि दडून बसते. दडायची जागा पत्र्याखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत असली तर ते उष्माघाताने मरू शकते. उन्हाळ्यात आणलेल्या मांजराची खोली तळमजल्याची किंवा उत्तरेकडची असावी, पाण्याची भांडी दोन ठेवावी आणि त्यांतले एक मातीचे असावे. कूलर त्याच्या खोलीत लगेच लावू नये. दाराबाहेर लावून आवाजाची सवय होऊ द्यावी.

बाहेरचे दार

घराच्या आतले दार उघडणे निराळे आणि बाहेरचे निराळे. १९२२ मध्ये फ्रान्सिस हेरिक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने पिलांच्या आईला झाकलेल्या अवस्थेत काही मैल दूर नेऊन सोडले. ती पुन्हा पुन्हा पिलांकडे परत आली. पोत्यातल्या बोक्याची गोष्ट यावरून विश्वसनीय ठरते. पण तुमच्या नव्या मांजराच्या दृष्टीने ‘परत जाण्याची’ जागा अजून जुनीच आहे. आठ दिवसांत बाहेर सोडले तर ते तिकडेच निघेल आणि वाटेत वर्धा रोड किंवा अमरावती रोड लागेल. निदान तीन ते चार आठवडे बाहेर सोडू नये. वरच्या मजल्यावर राहत असाल तर बाहेर सोडण्याचा प्रश्नच नाही, पण गॅलरीला जाळी हवी. पडणारे मांजर हवेतल्या हवेत वळून पायांवर येते, हे मारे याने १८९४ मध्ये जलद छायाचित्रे घेऊन दाखवले. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात उंचावरून पडलेली १३२ मांजरे आली आणि त्यांतली ९० टक्के वाचली, हा १९८७ चा अहवाल नेहमी सांगितला जातो. जी जागच्या जागी मेली त्यांना कोणी रुग्णालयात नेले नव्हते, हे सांगायचे मात्र राहून जाते.

त्या तीन-चार आठवड्यांत पशुवैद्याकडची फेरी उरकून घ्यावी. सेमिनरी हिल्सवर १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहेच. पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्यावी आणि नसबंदी केव्हा करायची ते विचारावे. या काळात मांजराने चावा घेतला किंवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद लावून घरी बसू नये.

बाहेर जायला अंगण असेल आणि मांजराला सोडायचेच असेल, तर पहिल्यांदा दार उघडण्याची वेळ नीट निवडावी. खाण्याच्या वेळेच्या अर्धा तास आधी, पोट रिकामे असताना, दिवसाउजेडी. वाटी रोजच्याच जागी ठेवावी, आणि ती वाजवायला रोज खोलीत बसत होता तोच माणूस असावा.